‘काय होत नाय’च्या जागी काय : परिचारिका आणि रुग्ण यांच्यातल्या बोलण्याची पार्श्वभूमी

सिंधुदुर्गातल्या एखाद्या वॉर्डात सकाळी सिस्टरने म्हाताऱ्या रुग्णाला ‘कसा वाटता?’ विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : ‘बरां आसा.’ रात्रभर पोट धरून बसलेला माणूसही हेच सांगतो. नर्सबाईंना आणखी कशाला त्रास द्यायचा, असा त्यामागे संकोच असतो. त्यावर सिस्टरचं वाक्यही ठरलेलं : ‘काय होत नाय, घाबरू नको.’ दोघांची वाक्यं मायेचीच असतात, पण त्यांच्यामुळे दुखणं बोलायचं राहून जातं. उपचारात्मक संवाद, म्हणजे रुग्णाला मोकळं करून उपचाराला मदत करणारं बोलणं, हा विषय गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत घडला, तो बराचसा या दोन वाक्यांच्या जागी काय ठेवायचं याच शोधातून.

या शोधाची सुरुवात फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्यापासून धरावी लागते. १८५९च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये त्यांनी रुग्णाला पोकळ आशा दाखवणाऱ्या आणि फुकटचे सल्ले देणाऱ्यांवर एक अख्खं प्रकरण लिहिलं. रुग्णाला आपली अवस्था ठाऊक असते. ‘लवकर बरे व्हाल’ असं वरवर म्हणणारा माणूस त्याला आणखी एकटं पाडतो, हे त्यांचं निरीक्षण. त्यांच्या बाकीच्या सूचना तर आजही जशाच्या तशा वॉर्डात लावाव्यात अशा आहेत. रुग्णाला मान वळवावी लागणार नाही असं समोर बसा. पाठीमागून किंवा दारातून बोलू नका. खोलीबाहेर कुजबुजू नका, कारण ती आपल्याबद्दलच आहे असं रुग्ण धरून चालतो. केसपेपर हातात घेऊन खाटेच्या पायथ्याशी उभ्याउभ्या विचारलेल्या प्रश्नाला ‘बरां आसा’ एवढंच उत्तर का येतं, ते इथे कळतं.

पुढची मोठी पायरी हिल्डगार्ड पेप्लाउ यांची. दुसऱ्या महायुद्धात या अमेरिकन परिचारिकेने इंग्लंडमध्ये सैनिकांच्या मनोरुग्णालयात काम केलं होतं. परिचारिका आणि रुग्ण यांचं नातं हाच उपचाराचा भाग आहे, असं मांडणारं त्यांचं पुस्तक १९४८मध्ये लिहून झालं, पण छापून यायला १९५२ उजाडलं. डॉक्टर सहलेखक नसताना परिचारिकेने असं पुस्तक लिहावं, हे तेव्हा फार धाडसाचं मानलं गेलं. त्यांनी या नात्याचे चार टप्पे सांगितले : ओळख होणं, रुग्णाने विश्वास टाकणं, मिळणाऱ्या मदतीचा त्याने पुरेपूर उपयोग करून घेणं आणि शेवटी नीट निरोप. यातला निरोप आपल्याकडे हमखास राहतो. डिस्चार्जचा कागद हातात पडतो आणि नातं तिथेच तुटतं. पेप्लाउंनी चिंतेच्याही चार पातळ्या केल्या, सौम्य ते थेट घबराट. त्यावरून निघालेला नियम साधा आहे : चिंता जितकी जास्त, तितकं वाक्य लहान. घाबरलेल्या माणसाला एका दमात तीन सूचना दिल्या तर एकही पोचत नाही.

१९६१ साली मनोविकारतज्ज्ञ युर्गेन रूश यांच्या पुस्तकाने ‘थेराप्यूटिक कम्युनिकेशन’ (उपचारात्मक संवाद) ही संज्ञा रूढ केली. त्याच वर्षी आयडा जीन ऑर्लँडो यांचं पुस्तक आलं, आणि रोजच्या कामाला जास्त उपयोगी पडलं ते हेच. येल विद्यापीठात त्यांनी परिचारिका आणि रुग्ण यांच्या सुमारे २००० भेटींच्या नोंदी तपासल्या होत्या. निष्कर्ष असा की परिचारिका जे पाहते त्यावरून मनाशी अंदाज बांधते आणि तो रुग्णाला न विचारताच कामाला लागते. चूक तिथेच होते. उपाय तीन पायऱ्यांचा : जे दिसलं ते बोला, आपला अंदाज सांगा, तो बरोबर आहे का विचारा. ‘ताट तसाच रव्हला. गिळताना दुखता काय?’ उत्तर कदाचित असं येईल की दुखत काहीच नाही. आजारात उकड्या तांदळाच्या पेजेची सवय, आणि समोर आली चपाती. ‘रुग्ण जेवत नाही’ एवढीच नोंद झाली असती तर सलाईन लागलं असतं.

भारतात आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल १९४६चा आणि इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा १९४७चा. दिल्ली आणि वेल्लोर इथे परिचर्येची पदवीही १९४६मध्येच सुरू झाली. संवादाचा अभ्यास आला तो मुख्यतः मनोरुग्ण परिचर्येच्या वाटेने, त्यामुळे तो फक्त मानसिक आजारांसाठीच असतो असा समज अजून पुरता गेलेला नाही. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात जे कौशल्य लागतं, तेच प्रसूतीच्या खाटेपाशी आणि उपकेंद्राच्या ओट्यावरही लागतं.

पाठ्यपुस्तकातली तंत्रं इंग्रजीतून आली, आणि ती शब्दशः मराठीत आणली की फसतात. ‘तुम्हाला याबद्दल काय वाटतं ते सांगाल का?’ या प्रश्नाला कोकणातला रुग्ण गप्प बसतो. दुखण्यासाठी मात्र त्याच्याकडे शब्दांचा मोठा साठा असतो : ठणका, कळ, चमक, सल, मुरडा, आग. ‘दुखतं का?’ला हो किंवा नाही मिळतं. ‘ठणकता की चमक मारता?’ विचारलं तर डॉक्टरांना उपयोगी पडणारी माहिती मिळते. गाऱ्हाणं घालायची पद्धतही इथलीच. देवासमोर एकजण बोलतो, बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, आणि त्या होकारामुळे सांगणाऱ्याला पुढचं सुचत जातं. रुग्ण बोलायला लागला की पुढच्या रकान्यातला प्रश्न विचारण्याऐवजी नुसतं ‘मगे?’ म्हणावं आणि मनात दहापर्यंत आकडे मोजावेत. शांतता सोसवत नाही म्हणून आपणच बोललो, की नेमकी महत्त्वाची गोष्ट राहून जाते.

घाटावरून बदलीवर आलेल्या अधिपरिचारिकांना रुग्णाचं ‘तू’ खटकतं. मालवणीत ‘तू’ वडीलधाऱ्यांना आणि देवालाही चालतं, आणि ‘गो बाय’ ही तर मायेची हाक. याचं उलट मात्र करू नये. सिस्टरने आजीला ‘आजी’ आणि काकांना ‘काका’च म्हणावं, खाट नंबराने हाक मारू नये.

सर्पदंशात बोलण्याची कसोटी लागते. फुरसं चावलेल्या माणसाचं २ मिली रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी एकदाच कलती करतात. रक्त गोठलं नसेल तर विष रक्तात भिनलंय, प्रतिविष द्यायला हवं. ही २० मिनिटं नातेवाईकांना ‘नुसतं बसवून ठेवलंय’ अशी दिसतात आणि भांडण तिथे पेटतं. म्हणून आधीच सांगावं : ‘हे रक्त गोठतंय का ते २० मिनिटांनी बघणार. त्यावर इंजेक्शनचं ठरेल. तोवर पाय हलवू नका, मी इथेच आहे.’ शिवाय ‘आधी कोणाकडे नेलं होतं, काही बांधलं, कापलं, पाला लावला?’ हा प्रश्न अगदी सपाट आवाजात विचारावा. आवाजात जराही राग आला तर उत्तर ‘नाय’ येतं, आणि लुंगीखाली आवळून बांधलेली दोरी उशिरा सापडते.

निर्णय घेणारा मुलगा बहुधा मुंबईला असतो. डॉक्टरांनी काय सांगितलं ते घरचे त्याला फोनवर आपापल्या परीने सांगतात आणि त्यात बरंच बदलतं. रुग्णाची संमती घेऊन फोन स्पीकरवर ठेवावा आणि रुग्णासमोरच डॉक्टरांना बोलू द्यावं. चाकरमान्याला एक आणि आईला दुसरंच, असं होऊ नये.

लावणीच्या दिवसांत, उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या प्रतिबंधासाठी डॉक्सीसायक्लिन ही प्रतिजैविकाची गोळी देतात, प्रौढांना आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम. गोळी जेवल्यावर पेलाभर पाण्यासोबत घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जळजळते. गरोदर बाईला ती देत नाहीत. हे सगळं सांगून आरोग्य सेविकेने ‘कळलं ना?’ विचारलं तर बांधावरून ‘व्हय’च येणार. त्यापेक्षा ‘दुसरी गोळी कधी आणि कशी घेशात?’ असं विचारावं. उत्तर ‘ताप इलो की’ असं आलं, तर आपलं सांगणं कमी पडलं असं समजून पुन्हा, वेगळ्या शब्दांत सांगावं आणि पुन्हा तेच विचारावं.