ऑर्डर निघणं वेगळं, कळणं वेगळं

सरकारी तंत्रज्ञान खात्यात फेररचना झाली की वरच्या मजल्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "ऑर्डर सगळ्यांना पाठवली आहे." पाठवलेली असते, खोटं नाही. पण कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या एखाद्या नाडकचेरीत, म्हणजे तालुक्याखालच्या महसूल ऑफिसात, संगणकासमोर बसलेल्या माणसाला त्यातून एवढंच कळतं की वर काहीतरी हललंय. आदेश काढणं आणि कर्मचाऱ्यांना सांगणं ही दोन कामं आहेत. विषय एकच आणि बहुतेक वेळा दोन्ही कागद एकाच टेबलावरून निघायचे असतात, त्यामुळे एक झालं की दुसरंही झाल्यासारखं वाटतं.

आधी आदेश. बेंगळूरहून येणाऱ्या कानडी शासन आदेशाची ठेवण ठरलेली आहे. वर क्रमांक, तारीख, विषय. मग 'ओदलागिदे', म्हणजे 'वाचले', म्हणून आधीच्या पत्रांची माळ. मग प्रस्तावना, आणि पान उलटल्यावर कुठेतरी प्रत्यक्ष आदेश. शेवटी 'कर्नाटक राज्यपालांच्या आज्ञेनुसार आणि त्यांच्या नावाने', खाली अधीन कार्यदर्शींची (अवर सचिवांची) सही, त्याखाली कुणाकुणाला प्रती. नव्यानं लागलेल्या पोरांना हे सगळं फापटपसारा वाटतं. तसं नाही. राज्यघटनेच्या १६६व्या कलमाप्रमाणे राज्य सरकारची कारवाई राज्यपालांच्याच नावानं व्यक्त व्हावी लागते. पत्रांची माळ असते ती उद्या ऑडिटनं "ही पदं कुठल्या मंजुरीवर हलवली?" असं विचारलं तर बोट ठेवायला. आदेशाचे खरे वाचक म्हणजे महालेखापाल, वित्त खातं, खजिना, आणि वाद पेटलाच तर राज्य प्रशासकीय न्यायाधिकरण, ज्याचं पीठ बेळगावातही बसतं. त्यांना हवं ते सगळं त्यात असतं.

फेररचना जितकी मोठी, तितका आदेश कोरडा. २०१६ साली केंद्रात इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञानाचं स्वतंत्र मंत्रालय झालं. कोणता विषय कोणत्या मंत्रालयाकडे हे १९६१च्या कामकाज वाटप नियमांच्या परिशिष्टात लिहिलेलं असतं, आणि अशा वेळी त्यातल्या नोंदी बदलतात. कर्नाटकात हेच काम १९७७चे कामकाज वाटप नियम करतात. नोंद या रकान्यातून त्या रकान्यात गेली की कायद्यापुरतं झालं. त्या नोंदीत कुणाची खुर्ची कुठे, हे नसतं आणि असूही नये.

सीमाभागाला तर याचा जुना अनुभव आहे. १ नोव्हेंबर १९५६ला चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. लोकांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. नोकरदारांचं काय झालं हे फारसं कुणी बोलत नाही. राज्य पुनर्रचना कायद्याचं ११५वं कलम त्यांच्यासाठीच आहे. बदललेल्या राज्यात गेलेल्या कर्मचाऱ्याच्या सेवाशर्ती त्याच्या तोट्याच्या होतील अशा बदलायच्या तर आधी केंद्राची मंजुरी घ्या, असं त्यात स्पष्ट आहे. तरतूद चोख. तरीही वेगवेगळ्या राज्यांतून आलेल्या लोकांच्या एकत्र ज्येष्ठता याद्यांवरून वर्षानुवर्षं भांडणं चालली, सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. कलम कितीही नीट लिहिलेलं असलं तरी "मी आता कुणाच्या मागे?" याचं उत्तर कारकुनाला त्यातून वाचून काढता येत नव्हतं.

आता दुसरं काम. समजा, तालुक्यातले तांत्रिक कर्मचारी उद्यापासून जिल्हा कक्षाखाली येणार आहेत. नेटवर्कवाले एकीकडे, सॉफ्टवेअर बघणारे दुसरीकडे. निपाणीच्या एफडीएला, म्हणजे प्रथम दर्जा सहाय्यकाला, पहिला प्रश्न पडतो, "म्हणजे माझी बदली झाली काय?" झालेली नसते. पद तेच, गाव तेच, फक्त वरचा अधिकारी बदललेला. पण हे वाक्य आदेशात सापडत नाही, कारण जे बदलत नाही ते आदेश सांगत नाही. सांगणाऱ्या कागदाची सुरुवातच तिथून व्हायला हवी.

दुसरा प्रश्न पगाराचा, आणि इथे मला वरच्यांचं आश्चर्य वाटतं, कारण हाच प्रश्न ते शेवटच्या ओळीत ढकलतात. पगार एचआरएमएस या सरकारी संगणक प्रणालीतून निघतो आणि तिथे प्रत्येकाची नोंद एका डीडीओखाली, म्हणजे पगाराचं बिल काढणाऱ्या अधिकाऱ्याखाली असते. डीडीओ बदलला की जुन्या ऑफिसनं नोंद सोडायची, नव्यानं घ्यायची, शेवटचं वेतन प्रमाणपत्र जायचं. यातलं एक जरी अडकलं तर त्या महिन्याचं बिल खजिन्यात जात नाही. आदेश लिहिणाऱ्याला हा तपशील किरकोळ वाटतो. घराचा हप्ता ५ तारखेला कापला जाणाऱ्याला तो किरकोळ नाही.

मग रजा कुणाकडे मागायची, कामाचा अहवाल कोण लिहिणार, ज्येष्ठता कुठल्या यादीत. आणि दबक्या आवाजात, "उद्या बीदर-कलबुर्गीकडे तर टाकणार नाहीत ना?" तिकडच्या जिल्ह्यांना राज्यघटनेच्या ३७१-जे कलमाखाली स्थानिकांसाठी पदं राखीव आहेत, बेळगाव त्या कलमात नाही; त्यामुळे हा प्रश्न भीतीचाही आहे आणि नियमाचाही. उत्तर माहीत असेल तर द्यावं, नसेल तर "ठरलेलं नाही" असं लिहावं.

मला विचाराल तर सांगणारा कागद एवढाच असावा:

"१ तारखेपासून तालुका तांत्रिक कर्मचारी जिल्हा कक्षाखाली येतात. बसायची जागा बदलत नाही. खानापूरचे खानापुरात, निपाणीचे निपाणीत. रजा आणि प्रवासभत्ता यापुढे जिल्हा कक्षाचे प्रमुख मंजूर करतील. या महिन्याचा पगार जुन्याच डीडीओकडून निघेल, पुढचा नव्याकडून. ज्येष्ठतेत फरक पडत नाही. नेटवर्क आणि सॉफ्टवेअर अशी विभागणी कुणाची कशी होणार हे अजून ठरलेलं नाही. बुधवारी ४ वाजता साहेब व्हिडिओ कॉलवर आहेत, तेव्हा विचारा."

यात 'कार्यक्षमता वाढवण्याच्या दृष्टीने' नाही, 'एकात्मिक' नाही. कारण सांगायचं तर एका वाक्यात खरं कारण सांगावं. तालुक्यात एकेकटा माणूस आहे, तो रजेवर गेला की सर्व्हर बंद पडला तरी बघायला कुणी नसतं, हे कारण सगळ्यांना पटतं.

आणि ज्यांना आदेशाची प्रत जातच नाही त्यांचं काय? नाडकचेरीत, तहसीलदार ऑफिसात डेटा एन्ट्री करणारे कितीतरी जण एजन्सीमार्फत लागलेले असतात. कागदोपत्री ते खात्याचे नाहीत, म्हणून प्रतींच्या यादीत त्यांचं नाव नसतं. काउंटरवर उत्पन्नाचा दाखला मागायला आलेल्या माणसाला मात्र तेच भेटतात. पासवर्ड कुणाकडून रीसेट करून घ्यायचा, हे त्यांनाच आधी कळायला हवं. आदेश त्यांना वगळू शकतो, वगळावंच लागतं. सांगणाऱ्या कागदानं त्यांना वगळलं तर दुसऱ्या दिवशी काउंटर ठप्प.

दोन्हींची गल्लत झाली की काय होतं, याचं ताजं उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथल्या सरकारची १८एफ नावाची तंत्रज्ञान टीम २०१४ पासून काम करत होती. १ मार्च २०२५ला, शनिवारी मध्यरात्रीनंतर आलेल्या ईमेलनं तिच्या लोकांना कळलं की टीम बंद. संगणकही बंद झाले, त्यामुळे हातातलं काम कुणाला सोपवायचं हेही करता आलं नाही. तो निर्णय बरोबर होता की चूक हा वेगळा वाद. आदेशाच्या सुरात माणसांशी बोललं की काम सोपवायलाही कुणी उरत नाही, एवढं त्यातून दिसतं.

उलटी गल्लतही होते, आणि ती जास्त महागात पडते. सांगताना एखादे साहेब मायेपोटी म्हणून जातात, "काळजी करू नका, कुणालाही हलवणार नाही." ते वाक्य ग्रुपवर फिरतं, स्क्रीनशॉट निघतात, आणि सहा महिन्यांनी बदलीचा कागद हातात आला की तोच स्क्रीनशॉट अर्जाला जोडला जातो. सांगणाऱ्या कागदानं आदेशाच्या पुढे एक पाऊलही टाकू नये. त्यात असावं ते आदेशातलंच, माणसाच्या बाजूनं वळवलेलं. शंका आली तर आदेश प्रमाण, हेही त्यात लिहून टाकावं.

भाषेचं म्हणाल तर आदेश कानडीतच येणार आणि तो सगळ्यांना वाचता येतो. त्यात अडचण नाही. पण चहाच्या टपरीवर शंका निघते ती मराठीत, "अहो मॅडम, आता सही कुणाकडं करायची?" तिचं उत्तरही तिथल्या तिथे मराठीत मिळालं तर बरं. ते द्यायचं काम तालुक्यातल्या थेट वरिष्ठाचं, म्हणून आदेश ग्रुपवर पडण्याआधी निदान तासभर तरी ती माहिती त्यांच्या हातात असावी. नाहीतर मॅडमही ग्रुपवरच वाचतात आणि "बघू, विचारून सांगते" म्हणतात. त्या तासाभरात गावभर दहा आवृत्त्या फिरतात.

एक फरक शेवटपर्यंत टिकतो, दुरुस्तीचा. आदेशात चूक सापडली की तिद्दुपडी, म्हणजे दुरुस्तीचा कागद निघतो, 'अमुक ऐवजी तमुक असे वाचावे'. मूळ कागद तसाच राहतो, कारण फाइलीत काय होतं हे दिसायला हवं. सांगणाऱ्या कागदाचं उलटं. त्यात बदल झाला तर ओळ सुधारून पाठवू नये. अख्खा कागद नवा लिहावा, वर तारीख घालावी, आणि ग्रुपवरचा जुना काढून टाकावा.