मांसाहार कमी करणं आणि पर्यायी प्रोटीन (नाशिक परिसर)

मांसाहार कमी करणं म्हणजे मटण, चिकन, मासे कायमचे सोडून माळ घालणं नव्हे. आठवड्यातले नॉनव्हेजचे दिवस किंवा ताटातलं प्रमाण कमी करायचं आणि त्यातून मिळायचं ते प्रोटीन डाळी, कडधान्यं, सोयाबीन, शेंगदाणे, दूध-दही, अंडी ह्यातून घ्यायचं, इतकंच. लोक हे करतात त्याची कारणं वेगवेगळी असतात, कुणाला डॉक्टरने कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट बघून सांगितलेलं असतं, कुणाला मटणाचे भाव परवडत नाहीत, कुणी पर्यावरणाचं वाचलेलं असतं, आणि नाशिकमध्ये सगळ्यात जुनं कारण म्हणजे वार. अर्धवट सोडण्याची पद्धत इथे नवीन नाहीच. नवीन आहे तो फक्त प्रश्न, की सोडलं त्या दिवशी त्याच्या जागी ताटात काय आलं, आणि बहुतेक घरांत ह्याच ठिकाणी गाडी अडते.

वार, श्रावण आणि माळ

सोमवार महादेवाचा, मंगळवार आणि शुक्रवार देवीचा, गुरुवार दत्ताचा किंवा स्वामींचा, शनिवार मारुतीचा, शिवाय एकादशी, चतुर्थी. सगळं पाळणाऱ्या घरात उरतात बुधवार आणि रविवार, म्हणून रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर रांग. आषाढात म्हणजे आखाडात भरपूर खाऊन घ्यायचं, अमावस्येला गटारी, आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण. त्र्यंबकेश्वर जवळ असल्यामुळे इथे श्रावणाला जरा जास्तच वजन आहे, तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करायला हजारो लोक जातात आणि एरवी काही न पाळणारी पोरंसुद्धा त्या आठवड्यात गप शाकाहारी होतात. वारकऱ्यांचं वेगळं. निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरलाच, पौष वद्य एकादशीला तिथे मोठी यात्रा भरते, आणि ज्याने तुळशीची माळ घातली त्याचं मटण-मासे खाणं कायमचं बंद. त्यामुळे एकाच घरात आजोबा माळकरी, मुलगा वार पाळणारा आणि नातू अंडी खाणारा, हे सर्रास दिसतं, आणि आजोबांना चालत नाही म्हणून मटणाची भांडी वेगळी, चूलही कधीकधी वेगळी.

सॅम्पल रजिस्ट्रेशन सिस्टीमच्या २०१४ च्या सरकारी सर्व्हेमध्ये महाराष्ट्रातले १५ वर्षांवरचे साधारण ६० टक्के लोक मांसाहारी निघाले होते. पण मांसाहारी म्हणजे रोज खाणारे असं वाचू नये, वरचं वेळापत्रक बघितलं तर कळेलच.

वारांशिवायही लोकांनी अचानक सोडल्याची उदाहरणं आहेत. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो नवापूरला, म्हणजे नाशिक विभागातच, नंदुरबार जिल्ह्यात. तेव्हा चिकनला कुणी हात लावेना. पुढे २०२० मध्ये कोरोना चिकनमधून पसरतो अशी व्हॉट्सअॅपवर अफवा आली आणि पुन्हा तेच, पोल्ट्रीवाल्यांनी कोंबड्या मातीमोल विकल्या. अफवा विरली तसे लोक परत खायला लागले.

किती प्रोटीन लागतं आणि कमी कुठे पडतं

आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. गरोदर बाई, बाळाला पाजणारी आई ह्यांना जास्त. जिममधली पोरं ह्याच्या दुप्पट-तिप्पट आकडे सांगतात ते व्यायाम तेवढा असेल तर ठीक, रोज अर्धा तास गोदापार्कला चालून येणाऱ्याने त्या फंदात पडायची गरज नाही.

आता हिशोब. १०० ग्रॅम कच्च्या चिकनमध्ये २२ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, मटणात २० च्या आसपास, एका अंड्यात ६. डाळींमध्ये १०० ग्रॅमला २० ते २४, शेंगदाण्यात २४ च्या आसपास, पनीरमध्ये १८-१९, सोयाबीनमध्ये ३६ ते ३८ आणि सोयाबीनच्या वड्यांमध्ये तर ५० च्या वर. हे वाचून लोकांना वाटतं डाळ आणि चिकन सारखंच की. इथे गोम अशी की डाळीचा आकडा कोरड्या डाळीचा आहे, आणि १०० ग्रॅम कोरडी डाळ एकट्याने एका दिवसात कोण खातं? घरातल्या पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम २०-२५ ग्रॅम डाळ असते, म्हणजे प्रोटीन ५ ग्रॅम. मिसळीचंही तसंच. नाशिककर मिसळीवर फार प्रेम करतो आणि मिसळ म्हणजे मटकी म्हणजे प्रोटीन असं म्हणून दुसरा रस्सा मागवतो, पण प्लेटीत मटकी कोरडी धरली तर ३० ग्रॅम, म्हणजे ६ ग्रॅम प्रोटीन. बाकी फरसाण, तर्री आणि पाव. मिसळ खाऊ नये असं कोण म्हणतंय, फक्त रविवारच्या मटणाची भरपाई तिच्याकडून होत नाही. घरी उसळ करताना मटकी दुप्पट घालून फरसाण अर्धं केलं तर गोष्ट वेगळी.

भाकरी मात्र लोक हिशोबातच धरत नाहीत. बाजरीत १०० ग्रॅमला ११ ग्रॅम प्रोटीन असतं, ज्वारीत १०, गव्हात साधारण तेवढंच, तांदळात ८. बाजरीच्या तीन भाकरींतून १८-२० ग्रॅम सहज येतात, भातातून आणखी थोडं, चहा-दुधातून थोडं, म्हणजे शाकाहारी दिवशीही साधं जेवण ३५-४० ग्रॅमपर्यंत पोचतं. तूट १०-१५ ग्रॅमची असते, घट्ट उसळीची एक मोठी वाटी आणि मूठभर शेंगदाणे एवढ्याची. दुसरी गोष्ट म्हणजे प्रोटीन ज्यांचं बनतं त्या अमिनो आम्लांपैकी लायसिन नावाचं आम्ल धान्यात कमी असतं आणि ते डाळींमध्ये भरपूर, डाळीत मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी ते धान्यात बरं, म्हणून भाकरी आणि उसळ, वरण आणि भात ही जोडी जमते. एकाच घासात दोन्ही पाहिजे असं काही नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की झालं.

खरी बोंब उपवासाच्या दिवशी. श्रावणी सोमवारी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वेफर्स. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ शून्य, खिचडीत जे काही असतं ते दाण्याच्या कुटाचं. त्यापेक्षा भगर आणि दाण्याची आमटी कितीतरी बरी, आणि भगर तर आपल्याच इगतपुरी-त्र्यंबक-पेठच्या डोंगरातली वरई, नाशिकच्या मिलमध्ये सडून निघालेली. तरी पंगतीत साबुदाणाच आधी संपतो.

रस्सा तोच, आत काय घालायचं ते बदला

मांसाहार कमी करताना लोकांना आठवण प्रोटीनची येत नाही, रश्श्याची येते. आणि नाशिक-खानदेशच्या रश्श्याची चव कांदा-खोबरं काळं होईपर्यंत भाजण्यात आणि काळ्या मसाल्यात आहे, त्यामुळे मटणाशिवायही तो उभा राहतो. पाटवडी रस्सा हे त्याचं सगळ्यात चोख उदाहरण. बेसन, लसूण, जिरं, मिरची ह्यांचं घट्ट पिठलं हटून ताटात थापायचं, वड्या कापायच्या, आणि कांदा आख्खा निखाऱ्यावर भाजून, सुकं खोबरं भाजून जे वाटण होतं त्याचा मटणाला करतो तसाच झणझणीत रस्सा करून वाढताना वड्या त्यात सोडायच्या, आधी सोडल्या तर विरघळून रश्श्याचं पिठलं होतं. माणशी ५०-६० ग्रॅम बेसन गेलं तर ११-१२ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे दोन अंडी. डुबुकवड्यांचंही असंच. शेवभाजीही त्याच रश्श्यातली पण शेव तळलेली, तेव्हा तिला आरोग्याच्या यादीत बसवू नये.

हुलग्याच्या (म्हणजे कुळथाच्या) शेंगोळ्या हा थंडीतला प्रकार, हुलग्याच्या पिठात लसूण-तिखट घालून बोटाएवढे वळे वळायचे आणि उकळत्या पाण्यात शिजवायचे. हुलग्यात प्रोटीन तुरीएवढं, आणि कोरडवाहू पीक म्हणून पाणी कमी लागतं. पूर्वी बैलांना घालायचे म्हणून नव्या पिढीने नाक मुरडलं, आता तेच हुलगे कॉलेज रोडच्या दुकानात पॅकेटमध्ये महाग मिळतात.

कडधान्यांना मोड आणले की ती पचायला हलकी होतात, सी जीवनसत्त्व वाढतं आणि लोह शोषायला आड येणारं फायटिक आम्ल कमी होतं. उन्हाळ्यात मटकीला रात्रभरात मोड येतात, पण डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा चार-पाच अंशांवर येतो तेव्हा दोन दिवस फडक्यात बांधून ठेवली तरी ढिम्म, मग ते गाठोडं गरम डब्यात किंवा ओट्यावर गॅसशेजारी ठेवायचं. पोटात गॅस होतो ही तक्रार चवळी, वाल, राजम्याची जास्त, त्याला भिजवलेलं पाणी फेकून नव्या पाण्यात शिजवणं आणि हिंग हाच उपाय, आणि सुरुवातीला थोडं थोडं खाणं.

सोयाबीन पिकतं इथे, खातात कोंबड्या

निफाड, येवला, सिन्नर ह्या पट्ट्यात खरिपाला सोयाबीन भरपूर होतं, लासलगावच्या मार्केटमध्ये कांद्याच्या जोडीला त्याचेही लिलाव होतात. पण त्यातलं माणसाच्या ताटात थेट फार थोडं येतं. तेल निघतं आणि राहिलेली पेंड, जिच्यात प्रोटीन ठासून भरलेलं असतं, ती मक्यासोबत पोल्ट्रीच्या खाद्यात जाते. म्हणजे आपण चिकन खातो तेव्हा फिरून सोयाबीनच खातो, मधे बरंचसं प्रोटीन कोंबडीच्या जगण्यात खर्च होऊन. एफएओ ह्या संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या २०१३ च्या अहवालाने माणसामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंपैकी १४.५ टक्के पशुपालनातून येतात असं म्हटलं, त्यात मोठा वाटा गाईगुरांचा, रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात मिथेन होतो म्हणून. शेळ्या-मेंढ्याही रवंथ करतातच. पण नांदगाव-चांदवडच्या माळावर धनगरांची मेंढरं जे खुरटं गवत खातात ते माणसाला खाता येत नाही आणि तिथे दुसरं फार काही पिकतही नाही, तेव्हा परदेशातले सगळे आकडे जसेच्या तसे इथे लावले तर हिशोब चुकतो. ही बाजू पर्यावरणवाले सहसा सांगत नाहीत.

सोयाबीन घरात आणायचं तर दोन रस्ते. दाणे असतील तर नीट भिजवून चांगले शिजवायचे, कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीन पचू न देणारे घटक असतात ते शिजवल्यावर निकामी होतात. नाहीतर किराणा दुकानातल्या सोया वड्या. त्यांचा उग्र वास येतो म्हणून अर्ध्या लोकांनी एकदा करून सोडून दिल्या असतील. मिठाच्या उकळत्या पाण्यात पाच-सात मिनिटं ठेवायच्या, घट्ट पिळायच्या, गार पाण्यात टाकून परत पिळायच्या, पाणी पांढरं यायचं थांबेपर्यंत, मग दही-आलं-लसूण लावून तासभर ठेवून कढईत परतायच्या आणि त्यानंतर रश्श्यात. न पिळता थेट रश्श्यात टाकल्या तर वास राहणारच.

फणस आणि मशरूम ह्यांच्याबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय. कच्च्या फणसाची भाजी मटणासारखी लागते हे खरं, पण प्रोटीन १०० ग्रॅमला दोन-तीन ग्रॅम, ताज्या मशरूममध्येही फार तर तीन-चार. चवीसाठी खा. हॉटेलच्या पनीरचंही बघून, स्वस्तातलं 'पनीर' पुष्कळदा पामतेलाचं अॅनालॉग म्हणजे नकली पनीर असतं आणि त्यात पनीरएवढं प्रोटीन असेल ह्याची खात्री नाही.

बाजारातला नवा माल

सोया, वाटाणा किंवा गव्हाच्या प्रोटीनपासून केलेलं नकली मांस फ्रोझन पाकिटात मिळतं. रितेश आणि जेनेलिया देशमुख ह्यांची इमॅजिन मीट्स ही कंपनी २०२१ ची, उदयपूरची गुडडॉट तिच्या आधीची. चव बऱ्यापैकी, मीठ जास्त, आणि भाव बघितला की सोया वडी आठवते. बुरशीपासून केलेलं क्वॉर्न ब्रिटनमध्ये १९८५ पासून विकलं जातं. प्रयोगशाळेत पेशी वाढवून केलेला पहिला बर्गर मार्क पोस्ट ह्या डच शास्त्रज्ञाने ऑगस्ट २०१३ मध्ये लंडनला खाऊ घातला, असं मांस विकायला पहिली परवानगी सिंगापूरने २०२० मध्ये दिली. भद्रकालीच्या बाजारापर्यंत यायला त्याला वेळ आहे.

तब्येतीचं

डब्ल्यूएचओच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये सॉसेज, सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाला कारण ठरतं असं जाहीर केलं, आणि लाल मांस (मटणासारखं) 'बहुधा कारण ठरतं' ह्या गटात ठेवलं. म्हणजे कमी करायचंच तर सुरुवात फ्रीजमधल्या नगेट-सलामीपासून करावी. उलट बाजूने, पूर्ण सोडणाऱ्यांनी बी-१२ कडे लक्ष द्यावं, ते डाळीत-भाजीत नसतंच, दूध-दही-अंडी घेणाऱ्यांचं बरंचसं भागतं, दूधही सोडलं तर गोळी लागते. लोहाचं असं की मांसातलं लोह सहज अंगी लागतं, भाजी-कडधान्यातलं कमी, त्यावर लिंबू पिळलं तर शोषण वाढतं आणि जेवल्यावर लगेच चहा घेतला तर कमी होतं, आणि नाशिककडे जेवणावर चहा नको म्हणणारा पाहुणा विरळा. किडनीचा त्रास असणाऱ्याने प्रोटीन वाढवायच्या आधी डॉक्टरला विचारायचं, मग ते डाळीचं का असेना.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकचं वेगळं

'मांसाहार कमी करा' हा सल्ला गंगापूर रोडच्या सोसायटीत ठीक आहे, सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर तो द्यायला जाऊ नये. तिथे नागलीची (नाचणीची) भाकरी, भात, उडदाची डाळ हे रोजचं, पावसाळ्यात ओढ्यातले खेकडे-मासे, आठवडे बाजारातून आणलेली सुकट, आणि कोंबडं कापायचं ते सणाला किंवा पाहुणा आला तर. नागलीत कॅल्शियम भरपूर पण प्रोटीन ७ ग्रॅमच, म्हणून चिमूटभर सुकट आणि उडीद तिथे फार मोलाचे. सरकारच्या अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण जेवण आणि लहान मुलांना अंडी मिळतात, अंडं न खाणाऱ्याला केळी. शाळेच्या पोषण आहारात २०२३ च्या शेवटी सगळीकडे आठवड्याला एक अंडं सुरू झालं होतं, जानेवारी २०२५ मध्ये राज्याने त्याचा निधी थांबवला आणि ज्या शाळांना द्यायचंय त्यांनी लोकवर्गणीतून पैसे उभे करावेत असं सांगितलं.