गुडघा धुणं आणि गुडघा काढणं

कृत्रिम सांधा बसवून बदललेल्या गुडघ्यात इन्फेक्शन झालं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'थोडं असेल तर धुतात, फार असेल तर सांधा काढतात.' नातेवाईक म्हणाले तर ठीक. रुग्णाला पुढे पाठवणारे डॉक्टरही हेच सांगतात, तेव्हा मात्र वैताग येतो.

इन्फेक्शन किती जोरात आहे, हा प्रश्न दुय्यम. ते किती जुनं आहे ते आधी विचारा. जंतू धातूला नि प्लॅस्टिकला चिकटले की स्वतःभोवती बुळबुळीत थर धरतात, तोच बायोफिल्म. सुरुवातीला तो कोवळा असतो, खरवडून धुता येतो. काही आठवड्यांत पक्का झाला की आतल्या जंतूंवर अँटिबायोटिकचा फारसा इलाज चालत नाही. म्हणून ऑपरेशननंतर अठराव्या दिवशी लालभडक सुजलेला, तापाने फणफणणारा गुडघा पुष्कळदा वाचतो. आणि दोन वर्षं नुसताच ठणकणारा, ना ताप ना फारशी सूज, असा 'सौम्य' गुडघा बहुधा काढावा लागतो. धुण्याची ढोबळ मर्यादा ऑपरेशनपासून 4 आठवडे. वर्षानुवर्षं उत्तम चाललेल्या गुडघ्यात रक्तावाटे जंतू शिरले, तर त्रास सुरू झाल्यापासून 3 आठवडे. शिवाय धुवायचं तर कृत्रिम सांधा हाडात घट्ट हवा. त्वचेला भोक पडून पू वाहत असेल तर धुण्याचा विषय संपला.

धुणं म्हणजे दुर्बिणीतून पाणी मारणं नव्हे, तो प्रकार मला अजिबात मान्य नाही. सांधा पूर्ण उघडायचा, सुजलेलं अस्तर कापायचं, मधला प्लॅस्टिकचा तुकडा नवा घालायचा. जुना काढल्याशिवाय त्याच्या मागची बाजू साफच होत नाही.

काढणं बहुतेकांना माहीत असतं: सांधा आणि त्याला हाडात बसवणारं सगळं सिमेंट बाहेर, अँटिबायोटिकयुक्त सिमेंटचा स्पेसर (जागा धरून ठेवणारा तात्पुरता ठोकळा) आत, काही आठवडे औषधं, मग नवा सांधा. जंतू आधीच ओळखलेला असेल आणि त्वचा-मांस चांगलं असेल, तर हे एकाच ऑपरेशनमध्येही होतं.

सगळ्यात चीड येते ती 'जरा लाल दिसतंय' म्हणून सुरू केलेल्या अँटिबायोटिक गोळ्यांची. ताप उतरतो, थर मुरत राहतो, धुण्याची मुदत निघून जाते, आणि सांध्यातलं पाणी तपासलं तर कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत, काहीच उगवत नाही. आधी सुईने पाणी काढा, मग पहिला डोस. रुग्ण सेप्सिसमध्ये असेल, म्हणजे इन्फेक्शनमुळे जिवावर बेतलं असेल, तर गोष्ट निराळी.