नियंत्रण विभागले, नजर एकवटली

डीसीएस, म्हणजे कारखान्यातली विकेंद्रित नियंत्रण प्रणाली, आखताना पहिला प्रश्न असतो: एक भाग बिघडला तर त्याच्यासोबत आणखी काय काय बंद पडेल?

न्यूमॅटिक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या, नियंत्रकांच्या काळात याची फारशी चिंता नसे. ३ ते १५ पीएसआय दाबाच्या हवेच्या संकेतावर प्रत्येक लूप, म्हणजे मोजमाप, नियंत्रक आणि व्हॉल्व्ह यांची साखळी, स्वतंत्र चाले. हवेचा पुरवठा शाबूत असेल तर एक नियंत्रक अडल्यावर ऑपरेटर तेवढाच व्हॉल्व्ह हाताने सांभाळी. पुढे ४ ते २० मिलिअँपिअरचा विद्युत संकेत आला, तरी लूप वेगवेगळेच राहिले.

ही घडी विस्कटली ती संगणकाने. १९५९ मध्ये टेक्सासमधील पोर्ट आर्थरच्या टेक्साको रिफायनरीत आरडब्ल्यू-३०० संगणक बसला. त्यानंतर १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीने फेरांटी आर्गस या एकाच संगणकाकडे थेट १२९ व्हॉल्व्ह सोपवले. धाडस मोठे होते, पण आता सगळा कारखाना एका यंत्राच्या भरवशावर आला. अशा ठिकाणी महत्त्वाच्या लूपसाठी जुने नियंत्रक राखीव ठेवावे लागत आणि वाचलेला पैसा त्यातच जाई.

मायक्रोप्रोसेसर स्वस्त झाल्यावर वाट सापडली. १९७५ मध्ये हनीवेलची टीडीसी २००० आणि योकोगावाची सेंटम या डीसीएस बाजारात आल्या. टीडीसीचा एक मूळ नियंत्रक ८ लूप सांभाळी. सगळे नियंत्रक डेटा हायवेने, म्हणजे माहिती वाहणाऱ्या सामायिक जोडणीने, जोडलेले. कंट्रोल रूममधला पडदा काळा पडला तरी लूप चालूच राहत. मला या रचनेचे खरे मोल इथे दिसते: तिने काम वाटलेच, पण त्याहून अधिक धोका वाटला.

नजर मात्र पडद्यावर एकवटली, आणि त्याचे परिणाम उशिरा उमगले. जुन्या फलकावर अलार्मच्या एका खिडकीसाठीही जागा, वायर आणि पैसा लागे, त्यामुळे ती विचार करूनच बसवली जाई. डीसीएसमध्ये अलार्म जवळपास फुकट झाला. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधील मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत स्फोट झाला. त्याआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले होते. एवढ्यांतून नेमका धोका कोणी कसा ओळखावा?

अलार्म कसे आखावेत यासाठी ब्रिटनमध्ये १९९९ साली ईईएमयूए १९१ ही मार्गदर्शिका आली, अमेरिकेत २००९ साली आयएसए १८.२ हे मानक. ज्या सूचनेवर ऑपरेटरने काहीच करायचे नाही, तिला अलार्म म्हणून पडद्यावर आणू नये, असे आता आराखड्याच्या टप्प्यावरच तपासले जाते.