विद्युत रुग्णपलंग : नियंत्रणव्यवस्था

बटण दाबून पाठीचा भाग, गुडघ्यांचा भाग किंवा अख्खा पलंगच वर-खाली करणारी यंत्रणा. आपल्याकडे रुग्णालयांत आणि साहित्य भाड्याने देणाऱ्या दुकानांत अशा पलंगाला ‘इलेक्ट्रिक फाउलर बेड’ म्हणतात. रुग्णाला अर्धवट बसवण्याच्या स्थितीला जॉर्ज फाउलर या अमेरिकी शल्यचिकित्सकाचे नाव मिळाले, तेच पुढे पलंगाला चिकटले. पायथ्याशी हँडल फिरवण्याचे पलंग अजूनही भरपूर दिसतात. विद्युत पलंगात हँडलची जागा मोटरने घेतली आहे. मात्र पलंग हलवणे हा यातला सोपा भाग. नको तेव्हा तो हलू न देण्यासाठीच बरीचशी रचना केलेली असते.

पलंगाखाली नळीसारखे दांडे दिसतात. प्रत्येकात साधारणतः २४ व्होल्टची एकदिश प्रवाहावर चालणारी मोटर असते. तिचा वेग वर्म गिअरने उतरवला जातो, लांब आट्यांचा स्क्रू फिरतो, त्यावरचा नट सरकतो आणि नळी बाहेर ढकलली जाते. प्रवाहाची दिशा उलटली की मोटर उलटी फिरते. दोन्ही टोकांना मर्यादा-स्विच असतात. नळी तिथवर पोचली की प्रवाह तुटतो. स्क्रूची ठेवण अशी, की वरून भार आला तरी तो सहसा उलटा फिरत नाही. त्यामुळे वीज गेली तर उठवलेली पाठ धाडकन खाली येत नाही, आहे तिथेच राहते. काही दांडे नळीला फक्त ढकलतात, ओढत नाहीत: पाठ स्वतःच्या वजनाने खाली येते, आणि मध्ये कुणाचा हात आला तर मोटर तो दाबत बसत नाही.

नियंत्रणपेटी २३० व्होल्टचा पुरवठा उतरवून सुरक्षित कमी दाबावर आणते आणि कोणत्या मोटरला कोणत्या दिशेने प्रवाह द्यायचा ते ठरवते. हे काम पूर्वी रिले (विजेने उघडझाप होणारे स्विच) करत, आता इलेक्ट्रॉनिक स्विचही करतात. ज्याला सगळे ‘रिमोट’ म्हणतात तो बहुधा वायरचाच असतो. त्याचे बटण दाबून धरावे लागते. बोट उचलले की पलंग थांबतो.

अशा खबरदारीला एक कटू इतिहास आहे. जर्मनीत २००० च्या सुमारास घरी वापरायच्या विद्युत पलंगांना आगी लागून रुग्ण दगावले. नियामक संस्थेने दिलेल्या इशाऱ्यांत एक कारण पुढे आले : सांडलेले पाणी किंवा ओलावा विजेच्या भागांत शिरणे. रुग्णाच्या पलंगावर पाणी सांडणारच, तेव्हा दोष पाण्याचा नव्हे, पेटीचा. त्यानंतर ‘एक बिघाड झाला तरी धोका नको’ हे तत्त्व पक्के झाले. एखाद्या बटणाचा संपर्क चिकटला तरी पलंग आपोआप चालू नये, म्हणून काही रचनांत दिशेच्या संपर्काबरोबर दुसरा, परवानगीचा संपर्कही जुळावा लागतो. काही उत्पादकांनी व्होल्टेज उतरवणारा भाग थेट प्लगमध्येच बसवला, म्हणजे पलंगापर्यंत २३० व्होल्ट पोचतच नाहीत. २००९ मध्ये आलेले आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोग) या संस्थेचे ६०६०१-२-५२ हे मानक विशेषतः अशा पलंगांसाठी आहे.

कुलूप हा आणखी एक अडथळा. रिमोटवर किंवा पायथ्याच्या फलकावर किल्लीने अथवा बटणाने एकेक हालचाल बंद ठेवता येते. मणक्याची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण किंवा रिमोटशी खेळणारे नातवंड, दोघांसाठी ते हवे. ‘बेड चालत नाही’ अशा तक्रारीत आधी हे कुलूप पाहावे, मग पेटीतला सैल प्लग, मग चौकटीत चेपलेली वायर. मोटर सलग चालवायची नसते. अनेक दांड्यांवर दोन मिनिटे चालू, अठरा मिनिटे बंद असे प्रमाण छापलेले असते. ते ओलांडल्यास मोटर तापते, आणि संरक्षण असेल तर ती थोडा वेळ रुसते.

भारनियमनाच्या गावी खरा प्रश्न असतो बॅटरीचा. बॅटरी असलेल्या पलंगात बहुधा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. भाड्याच्या स्वस्त पलंगात त्या असतीलच असे नाही, म्हणून पलंग आणण्याआधीच विचारावे. हृदय बंद पडल्यास पाठ लगेच सपाट करावी लागते. त्यासाठी रुग्णालयातील अनेक पलंगांना बाजूला विजेविना चालणारा हाताचा खटका असतो; तो ओढला की पाठीचा भाग मोटरीपासून सुटून खाली येतो.