काम सोपवलं म्हणजे अधिकार दिला असं होत नाही

"उद्यापासून रात्रपाळी तुझी," असं साहेब म्हणाले की ऐकणाऱ्याला बरं वाटतं. पण रात्रपाळी 'तुझी' झाली म्हणजे नेमकं काय हातात आलं? काम आलं, चुकलं तर ऐकून घेणंही आलं. ठरवण्याचा हक्क आला का, हे बहुतेक वेळा कोणी सांगत नाही. बोलताना दोन्हीला आपण 'सोपवलं' असंच म्हणतो, आणि घोळ तिथून सुरू होतो.

मी भोसरी एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये रात्रपाळीचा सुपरवायझर होतो. एकदा रात्री दोनच्या सुमाराला सीएनसीवरचा (संगणकावर चालणाऱ्या मशीनवरचा) इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, झिजला आणि बोअर, म्हणजे नगातलं भोक, लहान यायला लागला. भोकाचं माप तपासायचा गो गेज आत जाईना. ऑफसेट देऊन, म्हणजे मशीनमध्ये माप थोडं सरकवून, थोडे नग निघाले, मग फिनिशही बिघडलं. नवे इन्सर्ट स्टोअरच्या कपाटात होते, पण कपाटाची किल्ली होती कोथरूडला, साहेबांच्या घरी. फोन कोणी उचलला नाही. मशीन बंद करावं तर सकाळी चाकणला जाणारी गाडी रिकामी, चालू ठेवावं तर रिजेक्शन. मी चालू ठेवलं. सकाळी अख्खी ट्रॉली भंगारात गेली आणि साहेबांनी विचारलं, "जबाबदारी तुझी होती ना?" होतीच. किल्ली मात्र माझ्याकडे नव्हती.

फरक समजायला ऑफिसातलं एक साधं उदाहरण घेऊ. "या गिऱ्हाइकाचं कोटेशन तयार कर आणि पाठवायच्या आधी मला दाखव," हे काम सोपवणं. "पाच टक्क्यांपर्यंत सूट तू ठरव, त्याच्या वर गेलं तर विचार," हा अधिकार. पहिल्यात हात तुमचे, निर्णय साहेबांचा. दुसऱ्यात आखलेल्या हद्दीच्या आत निर्णयही तुमचा. नवीन मुलाला पहिल्या दिवसापासून दुसरं द्यावं असं मी म्हणणार नाही; त्याला आधी कामच द्यावं. अन्याय होतो तो पहिलं देऊन दुसऱ्याचा जाब विचारला की.

टोयोटाच्या कारखान्यातली दोरी अनेकांना ऐकून माहीत असते. लाइनवरच्या कामगाराला काही खटकलं की तो दोरी ओढतो आणि टीम लीडर धावत येतो. गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत पोचायच्या आत अडचण सुटली नाही, तर लाइन थांबते. ही नुसती तक्रार कळवायची सोय असती तर लाइन थांबवायचं वरच्या माणसाने ठरवलं असतं. इथे उलट आहे: वरच्याने वेळेत उत्तर शोधलं नाही तर लाइन आपोआप थांबते. अशी दोरी कुठल्याही कारखान्यात बांधता येईल. पण ओढणाऱ्याला संध्याकाळी पाळीच्या प्रॉडक्शनचा हिशेब विचारला, की दुसऱ्या दिवसापासून तिला कोणी हात लावत नाही.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. 1689 मध्ये राजाराम महाराज जिंजीकडे गेले, तेव्हा मागे स्वराज्याचा कारभार रामचंद्रपंत अमात्यांवर आला. त्यांना 'हुकूमतपनाह' हा किताब आणि त्यासोबतचे अधिकार मिळाले. दर वेळी जिंजीहून हुकूम येईपर्यंत थांबायचं म्हटलं असतं, तर मुघल फौजा थांबणार होत्या थोड्याच!

अधिकारासोबत पाठराखण हवी, हा भाग सगळ्यात जास्त राहून जातो. 1872 चा भारतीय करार कायदा याबाबत स्पष्ट आहे. तातडीच्या प्रसंगी मालकाचं नुकसान टाळण्यासाठी, साधारण समजूतदार माणूस स्वतःच्या बाबतीत जे करेल ते करायचा अधिकार कलम 189 मुखत्याराला, म्हणजे मालकाच्या वतीने काम करणाऱ्याला, देतं. मिळालेल्या अधिकारात त्याने केलेल्या कायदेशीर कामामुळे त्याच्यावर आलेला भार मालकाने भरून द्यावा, असं कलम 222 सांगतं. कारखान्यातला प्रत्येक कामगार कायद्याने मुखत्यार ठरत नाही, हे खरं. पण ज्याला ठरवायला सांगितलं त्याला चूक झाली म्हणून एकटं सोडू नये, हा विचार कारखान्यालाही तितकाच लागू पडतो.

आणि "तुझं तू बघ" म्हणून साहेबांनी अंग काढून घेणं, हा यातला कुठलाच प्रकार नाही. त्यात हद्दही नसते आणि पाठराखणही नसते.

पुढे मी चाकणला दुसरीकडे लागलो. तिथे किल्ली रात्रपाळीकडेच असायची. कपाटाच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता: माल किती रुपयांपर्यंत न विचारता काढायचा, त्यापुढे फोन कोणाला करायचा, आणि साइज सरकला तर मशीन आधी बंद करून मग वहीत कारण लिहायचं. मी पहिल्यांदा मशीन बंद केलं तेव्हा नवा इन्सर्ट बसवून साइज लागेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. रात्रभर छातीत धडधड होती. सकाळी मॅनेजरांनी वही वाचली, माझ्या नोंदीखाली सही केली आणि इन्सर्टच्या आणखी दोन पेट्या मागवल्या.