सोल्डरिंग करताना टेबलाचे संरक्षण

छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्सचे डाखकाम (सोल्डरिंग) घरच्या टेबलावर करताना टेबल भाजू नये, चिकट होऊ नये, ओरखडू नये आणि त्यावर शिशाचा अंश मागे राहू नये, यासाठी करायची मांडणी. वन-रूम-किचनमध्ये जेवणाचे, अभ्यासाचे आणि सोल्डरिंगचे टेबल बहुधा एकच असते. तिथे ही मांडणी उचलून ठेवता येण्याजोगी असावी लागते.

धास्ती असते ती वितळलेल्या सोल्डरच्या थेंबाची. टेबल खरे जळते ते स्टँडवरून घरंगळलेल्या आयर्नमुळे (सोल्डर वितळवणाऱ्या विजेच्या अवजारामुळे). 60/40 सोल्डर (60 टक्के कथील, 40 टक्के शिसे) 183 ते 190 अंश सेल्सिअसला वितळते आणि आयर्नचे बिट, म्हणजे तापणारे टोक, साधारण 320 ते 380 अंशांवर असते. ज्वारीच्या दाण्याहून लहान, 0.1 ग्रॅमचा थेंब गोठून गार होईपर्यंत जेमतेम 10 ज्यूल उष्णता देतो. 25 वॅटचे आयर्न तेवढी उष्णता अर्ध्या सेकंदात तयार करते आणि उचलेपर्यंत करतच राहते. सनमायकावर पडलेल्या थेंबाची चपटी टिकली होते. ती तशीच गार होऊ दिली तर नखाने सुटते. घाईने पुसायला गेले की पसरते आणि बोटही भाजते. आयर्न मात्र सनमायका करपवते, खालचा गोंद ढिला करून फुगा आणते. पॉलिश केलेल्या लाकडावर थेंबसुद्धा खूण ठेवतो.

म्हणून आधी स्टँड, मग आच्छादन. स्वस्त आयर्नसोबत येणारा वाकवलेल्या पत्र्याचा स्टँड इतका हलका असतो की वायरीला धक्का लागताच आयर्नसकट ओढला जातो. स्प्रिंगचा, जड बुडाचा स्टँड घ्यावा आणि तो पुढे सांगितलेल्या आच्छादनाच्या फळीवर दोन स्क्रूंनी पक्का करावा. उजव्या हाताने काम करणाऱ्याने तो उजवीकडे ठेवावा, म्हणजे गरम बिट सर्किटवरून फिरत नाही. वायर टेबलाच्या मागच्या बाजूने न्यावी. पुढून लोंबणारी वायर गुडघ्यात अडकते. पीव्हीसीची वायर आयर्नच्या गरम नळीला टेकली तर वितळून आतली 230 व्होल्टची तार उघडी पडते. एक्स्टेन्शन बोर्डावर दिवा असलेला स्विच असावा, कारण आयर्न चालू आहे की बंद, हे नुसते पाहून कळत नाही.

आच्छादन म्हणून 12 मिमी प्लायवूडची 600 × 450 मिमीची फळी सर्वांत सोयीची. तीन कडांना 15 ते 20 मिमी उंच बीडिंगची पट्टी लावली की स्क्रू आणि घरंगळणारे सुटे भाग आत राहतात. पुढच्या कडेला खालून एक पट्टी मारली की ती टेबलाच्या कडेला अडकते आणि फळी मागे सरकत नाही. तळाला फेल्ट किंवा पातळ रबर हवेच. नाहीतर फळीखाली अडकलेली एक तुटकी तारच टेबल खरवडून काढते. प्लायवूडवर डाग पडतात, ते पडू द्यावेत. एमडीएफ (लाकडाच्या भुश्याची दाबून केलेली फळी) स्वस्त पडते, पण कोकणातल्या पावसाळ्यात कडांना फुगते.

स्टँडखाली आणि मुख्य कामाच्या जागी बांधकामातून उरलेली 300 × 300 मिमीची टाइल बसवली तर उष्णतेचा प्रश्नच उरत नाही. टाइलवर पडलेला बारीक रेझिस्टर उसळून नाहीसा होतो, ही तिची खोड. सुटे भाग जोडायच्या जागी सिलिकॉनची चटई बरी. ही चटई गरम बिटाचा ओझरता स्पर्श सोसते, पण कटरच्या पात्याने सहज फाटते. साधे सिलिकॉन विद्युतरोधक असल्याने त्यावर स्थिर विद्युतभार साठतो. मॉसफेट आणि सीमॉस आयसी (स्थिर विजेने बिघडणारे नाजूक भाग) हाताळायच्या असतील तर अँटिस्टॅटिक चटई घ्यावी. तिचा पृष्ठरोध साधारण 10 लाख ते 100 कोटी ओहम असतो आणि ती 1 मेगाओहम रोधातून अर्थिंगला जोडतात. सॉकेटमध्ये अर्थिंग खरोखर आहे का, हे आधी तपासून घ्यावे; न्यूट्रलला कधीही जोडू नये. विदर्भातल्या कोरड्या हिवाळ्यात ही काळजी जास्त लागते.

काय वापरू नये, तेही सांगायला हवे. वर्तमानपत्र करपते आणि पेटूही शकते. मेणकापड आणि कागदकामाची हिरवी कटिंग मॅट प्लॅस्टिकची असल्याने वितळून बिटाला चिकटतात. अॅल्युमिनियमची फॉइल उष्णता थेट पॉलिशपर्यंत पोचवते, शिवाय चालू सर्किट तिच्यावर ठेवले की शॉर्ट होते. छपराच्या जुन्या सिमेंट-पत्र्याचा तुकडा तर मुळीच नको; त्यात अॅस्बेस्टॉस असू शकते.

सोल्डरच्या तारेतला फ्लक्स (सोल्डर नीट चिकटावे म्हणून घातलेला पदार्थ) म्हणजे मुख्यतः राळ. तापली की ती तडतडते आणि मधासारखे बारीक ठिपके आसपास उडवते. सनमायकावर हे ठिपके आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवलेल्या कापसाने निघतात. लाखेच्या पॉलिशवर तोच कापूस फिरवला तर ठिपक्यांसोबत पॉलिशही विरघळते. तिथे प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फ घालून राळ गार करावी आणि ठिसूळ झाली की जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने उचलावी. जास्तीचे सोल्डर आयर्न झटकून किंवा आपटून काढू नये, ओल्या स्पंजला किंवा पितळी काथ्याला पुसावे. भागांचे पाय कापताना टोक बोटाने धरावे. ते मोकळे सोडले तर उडून डोळ्यात जाते किंवा जमिनीवर पडून पायात रुतते.

जेवणाच्या टेबलावर शिसेयुक्त सोल्डर वापरणे टाळलेलेच बरे. इलाज नसेल तर फळी फक्त याच कामाची ठेवावी. ती पोळ्या लाटायला किंवा भाजी चिरायला जाऊ नये. काम संपल्यावर कोरडा झाडू न मारता ओल्या कापडाने फळी आणि टेबल दोन्ही पुसावे, कापड स्वयंपाकघरात परत नेऊ नये आणि हात साबणाने धुवावेत. शिसेविरहित सोल्डर घेतले तर हा त्रास कमी होतो, पण ते 217 अंशांच्या पुढे वितळत असल्याने बिट जास्त तापवावे लागते.

करपलेला सनमायका दुरुस्त होत नाही, तुकडा बदलावा लागतो. भरीव लाकडावरचा उथळ डाग 120 आणि मग 220 नंबरच्या काचकागदाने रेषांच्या दिशेने घासून काढता येतो. त्यानंतर पॉलिश करायचे ते टेबलाच्या पूर्ण पृष्ठभागावर. नुसत्या डागावर केले की तेवढाच भाग वेगळा उठून दिसतो.